मावशींची तिकिटांची वही

आमच्या दिवाळी अंकाची जुळवाजुळव आषाढातच सुरू होते. त्यातला प्रवासाचा विभाग गेली बरीच वर्षे मी पाहते आहे. हा विभाग नोकरी-संसार सांभाळून हिंडणाऱ्या साध्या माणसांकडूनच लिहून घ्यायचा, हा आमचा जुना नियम मला मनापासून पटलेला आहे. टपालाने, मेलवर आणि हल्ली व्हॉट्सॲपवरही भरपूर लेख येतात. त्यांतल्या बऱ्याच लेखांत विमान पहाटे किती वाजता सुटले आणि हॉटेलात न्याहारीला काय होते, याच्या पलीकडे फारसे काही नसते; पण त्याच गठ्ठ्यात कधी एखाद्या निवृत्त पोस्टमनचा लेख निघतो, जो पाठीवर मुद्दाम बोजा बांधून नाणेघाट चढला, कारण सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याचा माल घेऊन जुन्नरकडे निघालेला हमाल घाटमाथ्यावरच्या त्या दगडी रांजणापाशी कोणत्या अवस्थेत पोहोचत असेल, हे त्याला स्वतःच्या खांद्यांना विचारायचे होते. साल्हेरवर आपल्या शाळकरी मुलीला घेऊन गेलेल्या एका रिक्षाचालकाचा लेखही असाच लक्षात राहिला. महाराष्ट्रातला सर्वांत उंच, १,५६७ मीटर उंचीचा हा किल्ला त्याने निवडला, कारण ‘सगळ्यात उंच कोणता’ हा प्रश्न मुलीने विचारला होता. माणूस अमुक ठिकाणी का गेला, हे कळले की बाकीचा लेख आपोआप उभा राहतो, असे माझे मत आहे.

मला सांगायचे आहे ते मात्र एका अशा दिवसाविषयी, ज्या दिवशी लेख आलाच नाही, स्वतः प्रवासीच आली. पावसाने सकाळपासून मुंबईला झोडपले होते, मध्य रेल्वेच्या गाड्या रखडल्या होत्या, आणि दादरच्या आमच्या कचेरीत शिपाई आणि मी असे दोघेच पोहोचलो होतो. अकराच्या सुमारास सत्तरी ओलांडलेल्या एक बाई, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली एक जाड वही छातीशी धरून जिना चढून आल्या. लालबागहून चालत आल्या होत्या. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांनी उभी हयात आयाची नोकरी केली होती, त्यामुळे सगळ्या वॉर्डाच्या त्या मावशी होत्या, आणि मीही त्यांना पहिल्या वाक्यापासून मावशीच म्हणू लागले.

“ताई, मला लिहिता येतं, पण लेख लिहिता येत नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही विचारा, मी सांगते.”

वही एका औषध कंपनीची जुनी डायरी होती. प्रत्येक पानावर एसटीची तिकिटे भाताच्या खळीने चिकटवलेली होती. सुरुवातीच्या पानांवर ‘आवडेल तेथे प्रवास’ योजनेचे पास होते, पुढे यंत्रातून निघणारी पातळ तिकिटे. या यंत्रांच्या तिकिटांवरची शाई काही महिन्यांत उडून जाते, म्हणून मावशींनी प्रत्येकावर गावाचे नाव आणि तारीख बॉलपेनने गिरवून ठेवली होती. तिकिटाशेजारी चार-सहा ओळींचा मजकूर होता, आणि त्यात जिथे जिथे माणसाचे नाव आले होते तिथे सलाइनची सुई हातावर धरून ठेवायला लावतात तसल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावलेला होता. “पेशंटची नावं बाहेर जायची नाहीत,” त्यांनी मला आधीच बजावले. गावाचे नावही, जिथे माणूस ओळखू येईल तिथे, छापायचे नाही. ही अट मी तत्काळ मान्य केली.

परळच्या रुग्णालयांत राज्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात, हे मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. गडचिरोलीचा किंवा नंदुरबारचा नातेवाईक हातात औषधाची चिठ्ठी घेऊन जिन्यावर बसलेला आणि रात्री बाहेरच्या पदपथावर चटई अंथरून पडलेला आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. मावशींनी त्यांच्याशी बोलण्याची एक रीत स्वतःच शोधून काढली होती. “रात्रपाळीत माणूस रडायला लागला ना, की मी त्याला त्याच्या गावचा रस्ता विचारायची. कुठल्या स्टँडवर उतरायचं, गाडी कुठं बदलायची, ओढा कुठं लागतो. रस्ता सांगताना माणूस रडत नाही, ताई.” असे रस्ते त्या डायरीत उतरवून ठेवत. घरी सोडताना प्रत्येक जण म्हणे, “मावशी, एकदा आमच्याकडे या.” निवृत्तीनंतर मावशी खरोखरच एकेका रस्त्याने निघाल्या.

पहिला मोठा प्रवास त्यांनी सात दिवसांच्या पासावर केला. मुंबईहून छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद), तिथून जालन्यावरून लोणार. लोणारचे सरोवर उल्कापाताने काळ्या बेसाल्ट खडकात पडलेल्या विवरात साचलेले आहे आणि त्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे, ही माहिती मला होती; मावशींनी सांगितले ते मात्र मी कुठे वाचलेले नव्हते. पायाच्या जखमेसाठी वॉर्डात महिनाभर राहिलेला तिथला एक शेतमजूर त्यांना झाडीतून खाली काठावरच्या कमळजा देवीच्या देवळापर्यंत घेऊन गेला. देवीला वाहिलेली चिमूटभर हळद त्याने मावशींच्या तळहातावर ठेवली आणि ओंजळीने तळ्याचे पाणी त्यावर सोडले, तशी हळद बघता बघता लालभडक झाली. तो म्हणाला, देवीचे कुंकू. मावशींनी हात जोडले, पण वॉर्डात लघवी तपासायच्या पट्ट्यांचे रंग बदलताना त्यांनी हजारदा पाहिलेले होते, त्यामुळे हे पाणी खाराच्या अंगाचे आहे हे त्यांनी तिथेच ओळखले. त्यांचे बरोबर होते. लोणारचे पाणी खारट तसेच तीव्र अल्कधर्मी आहे, आणि अशा पाण्यात हळद लाल होते. २०२० च्या जूनमध्ये तळे गुलाबी झाल्याची बातमी आली, तेव्हा लालबागच्या चाळीत मावशींनीच शेजाऱ्यांना सांगितले होते की त्या पाण्यात काहीतरी जीव वाढला असणार. शास्त्रज्ञांनी पुढे तसेच निदान केले: पाऊस कमी झाल्याने खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला. श्रद्धा आणि निरीक्षण ही दोन्ही एका तळहातावर इतक्या सहज सांभाळणारी व्यक्ती मी माझ्या कामात क्वचितच पाहिली आहे.

त्याच प्रवासात वाशीम, यवतमाळ, चंद्रपूर करत, आष्टीला वैनगंगा ओलांडून, आलापल्लीच्या सागवानातून त्या सिरोंचापर्यंत गेल्या. महाराष्ट्राचे हे टोक मी स्वतः अजून पाहिलेले नाही. तिथल्या एका माणसाने बायकोच्या आजारपणात तपासणीच्या पाकिटामागे नद्यांचा नकाशा काढून दिला होता, आणि ते पाकीट डायरीत जसेच्या तसे जपलेले आहे: वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. मावशींना गोदावरी माहीत होती ती नाशिकच्या रामकुंडावरची. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावून बंगालच्या उपसागरापर्यंत १,४६५ किलोमीटर जाणारी ही नदी इथे किती पसरली आहे, हे पाहून त्या काठावर बसूनच राहिल्या. पैलतीरावर, तेलंगणात, काळेश्वराचे देऊळ आहे. तिथे एकाच पीठावर दोन लिंगे आहेत, एक शिवाचे आणि दुसरे यमाचे. “इतकी वर्षं ज्याच्याशी रोज गाठ पडायची, त्याला तिथं पहिल्यांदा नमस्कार केला,” मावशी म्हणाल्या. नकाशा काढून देणाऱ्याची बायको बरी झालेली होती. तिने मावशींना भात-आमटी वाढली आणि दोघींना एकमेकींची भाषा निम्मीच कळत असूनही उशिरापर्यंत गप्पा झाल्या.

दुपारपर्यंत एवढेच झाले होते. शिपायाने चहा आणला, मावशींनी साडीचा काठ पिळला आणि मग डायरीतले एक पान उघडले, ज्यावर एकच तिकीट होते आणि शेजारी गावांच्या थांब्यांची एक लांब यादी होती. अकोले तालुक्यातला एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा रक्ताच्या आजाराने त्यांच्या वॉर्डात होता. त्याने मावशींना सांगितले होते, “आमच्या गावात एसटी झोपायला येते.” मुंबईत जन्म काढलेल्या मावशींना हे मुलाचे मन रमवणारे बोलणे वाटले. पण त्याने तालुक्याच्या स्टँडपासून आपल्या गावापर्यंतचा एकेक थांबा त्यांना क्रमाने सांगितला, आणि रात्रपाळीत त्यांनी तो लिहून घेतला. तो मुलगा घरी गेला नाही.

मुक्कामी गाडी ही महाराष्ट्राच्या खेड्यांना नवी गोष्ट नाही. १९४८ च्या १ जूनला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे रस्ता जाईल तिथे ती पोहोचली. दूरच्या गावाला संध्याकाळी शेवटची गाडी जाते, रात्री तिथेच थांबते, आणि पहाटे विद्यार्थी, दुधाचे कॅन, बाजारकरी आणि आजारी माणसे घेऊन तालुक्याला परतते. चालक-वाहक देवळात, ग्रामपंचायतीत किंवा गाडीतच झोपतात आणि वाहक रोकडीची पिशवी उशाखाली घेतो. मावशी त्या गाडीत बसल्या तेव्हा मे महिना संपत आला होता. वाहकाने विचारले, “आजी, उतरणार कुठं? पुढं गाडी नाही.” त्यांनी उत्तर दिले, “गाडी झोपते कुठं, ते बघायचंय.” अंधार पडल्यावर घाटात चालकाने आतले दिवे बंद केले, कारण रस्त्याकडेच्या सादड्याच्या आणि हिरड्याच्या झाडांवर काजवे भरले होते आणि गाडीतल्या पोरांना ते बघायचे होते. मावशींनी काजव्यांचे वर्णन फार केले नाही. त्या हातातल्या टॉर्चच्या उजेडात यादी पाहत होत्या आणि वाहक थांब्याचे नाव पुकारी तसे एकेक नाव ताडून पाहत होत्या. मुलाने एकही थांबा चुकवला नव्हता. मात्र शेवटून दुसरा, ‘आंब्यापाशी’ म्हणून लिहिलेला, वाहकाने पुकारलाच नाही आणि गाडीही तिथे थांबली नाही.

रात्री वाहकाने त्यांची सोय अंगणवाडी सेविकेच्या घरी केली. सकाळी त्या मुलाच्या घरी गेल्या. त्याची आई अंगणात बाळहिरडा वाळत घालत होती. तिने मावशींना ओळखले. “तुम्ही त्याला पेज भरवायच्या,” एवढे म्हणून तिने हातातले सूप खाली ठेवले. मावशींनी यादी काढली आणि वाचून दाखवली. आंब्याचे नाव आले तेव्हा आई म्हणाली, “तो थांबा न्हाई, बाई. त्याला सकाळी उठायला उशीर व्हायचा. ड्रायव्हर त्याच्यासाठी तिथं गाडी हळू करायचा.” मग तिने मावशींना त्या झाडापर्यंत नेले, रस्ता दाखवला आणि तो कुठल्या पायवाटेने धावत यायचा तेही दाखवले. परत येताना ती रस्ताभर त्याच्याविषयी बोलत होती. गावात कोणी त्याचे नाव काढत नव्हते, काढले तर तिला त्रास होईल म्हणून. आणि तिला तर कोणाशी तरी त्याच्याविषयी बोलायचे होते.

हा प्रसंग मी मावशींच्याच शब्दांत उतरवून घेतला. संपादक म्हणून लेख घासूनपुसून घेण्याची मला सवय आहे, पण इथे मी विरामचिन्हांपलीकडे काहीही केले नाही. तरीही एका मुद्द्यावर आमचे एकमत होईना. मला हा एकच प्रवास सविस्तर छापायचा होता आणि लोणार-सिरोंचा थोडक्यात आटोपायचे होते. मावशींना ते मान्य नव्हते. लोणारला जाताना गाडी कुठे बदलायची, आलापल्लीहून सिरोंचाची गाडी धरायला चंद्रपूर कधी सोडावे, बाईमाणसाने कोणत्या स्टँडवर रात्री थांबावे आणि कुठले प्रसाधनगृह वापरण्याजोगे आहे, हे सगळे छापून यायला हवे, असा त्यांचा आग्रह होता. “माझं कौतुक करू नका, रस्ता नीट द्या. वाचून एखादी बाई एकटी निघाली पाहिजे.” शेवटी मुख्य लेखाशेजारी चौकटीत हे सारे मार्ग द्यायचे ठरले, आणि आज मला वाटते की त्या वर्षीच्या विभागातली ती चौकट सर्वांत उपयोगाची होती. स्त्रियांना एसटीत अर्धे तिकीट २०२३ च्या मार्चपासून लागू झाले आहे. पण आपल्या ओळखीतल्या किती जणींनी ते घेऊन तालुक्यापलीकडचा रस्ता धरला, असा प्रश्न मावशींनी मला त्या दिवशी विचारला, आणि तोही मी लेखात तसाच ठेवला.

चार वाजता पाऊस ओसरला. मानधनाची पावती करताना मी जन्मतारीख विचारली, तेव्हा मावशींनी सांगितले की येत्या पौषात त्यांना पंच्याहत्तर पूर्ण होतात. म्हणजे अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेखाली त्यांचा एसटीचा प्रवास मोफत होणार होता. त्यांची चिंता वेगळीच होती: पैसे घ्यायचे नाहीत म्हणून वाहकाने तिकीटच दिले नाही, तर वहीत चिकटवायचे काय? अशा प्रवाशालाही शून्य रकमेचे तिकीट मिळते, हे मी त्यांना सांगितले. “मग मागून घेईन,” असे म्हणून त्यांनी वही पुन्हा दोन्ही पिशव्यांत गुंडाळली आणि पुढचा रस्ता तोरणमाळचा असल्याचे सांगून, धडगावच्या गाडीची चौकशी करायला त्या मुंबई सेंट्रलच्या आगाराकडे निघाल्या.