सहा ठिकाणी एकच नंबर

पीक विम्याचा अर्ज भरला की जी पावती निघते, तिच्यावर विमा कंपनीचं नाव छापलेलं असतं. ती ओळ कुणी वाचत नाही. शेतकऱ्याला वाटतं, विमा सरकारचा. प्रत्यक्षात निविदा काढून जिल्हे कंपन्यांना वाटून दिलेले असतात. एका जिल्ह्याला एक कंपनी, दुसऱ्याला दुसरी. मुदत संपली की वाटणी नव्यानं होते आणि बऱ्याचदा कंपनी बदलते. हे इतकं सविस्तर सांगायचं कारण पुढं येईल.

मी हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यात सेवा केंद्र चालवते. बाहेरच्यांना वाटतं आम्ही फॉर्म भरतो. फॉर्म भरणं सगळ्यात सोपं. हळद काढून आणि कापूस वेचून ज्यांच्या बोटांच्या रेषाच राहिल्या नाहीत, त्यांचा अंगठा मशीनवर उमटवणं अवघड. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं आणि पासबुकात तिसरं असलेला एकच माणूस पोर्टलच्या गळी उतरवणं त्याहून अवघड. 2024 च्या खरिपात विमा एक रुपयात होता. शेतकऱ्यानं एक रुपया द्यायचा, आमचे अर्जामागे चाळीस रुपये कंपनी देणार. तरी काही केंद्रांवर शंभर-शंभर रुपये घेतले जात होते आणि लोक निमूट देत होते. हे आमच्याच धंद्यातले लोक आहेत आणि मला त्यांची चीड येते.

त्या वर्षी 1 आणि 2 सप्टेंबरला हिंगोली, परभणी, नांदेड या पट्ट्यात जो पाऊस झाला, तो विसरणं शक्य नाही. 2 तारखेला पोळा होता. बैल सजवायचे सोडून लोक त्यांना गोठ्यातून उंचावर हलवत होते. कयाधू पात्राबाहेर आली आणि काठच्या गावांत शेंगा भरत आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं.

विम्याचा तेव्हाचा नियम असा, की शेतात पाणी शिरून नुकसान झालं तर 72 तासांच्या आत कंपनीला कळवायचं. कळवायला ॲप होतं, 14447 हा देशभराचा नंबर होता, आणि लेखी अर्जही चालायचा. ॲपमध्ये पावतीवरचा अर्ज क्रमांक टाकायचा, नुकसानीची तारीख, पिकाची अवस्था आणि कारण निवडायचं, कारणाच्या रकान्यात ‘इनंडेशन’, म्हणजे शेत जलमय. मग शेतातच उभं राहून फोटो आणि छोटा व्हिडिओ काढायचा, कारण ॲप जागा नोंदवतं. केंद्रात खुर्चीवर बसून पन्नास जणांच्या तक्रारी टाकणारे ऑपरेटर मी पाहिलेत. त्या सगळ्या शेतांचं ठिकाण बसस्टँडजवळ दिसतं आणि पाहणीला आलेला माणूस वैतागून निघून जातो. सगळं नीट झालं की एक डॉकेट आयडी, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मिळतो. तो मिळाला तरच तक्रार झाली म्हणायची.

गुरुवारी, 5 तारखेला दुपारी कयाधूकाठच्या एका गावचे मामा आले. सोबत अकरावीतली नात. गावाच्या पुलावरून बुधवारपर्यंत पाणी होतं, म्हणून आधी येता आलं नव्हतं. लाइटही नव्हती, मोबाइल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करत होते. मामांनी पावती समोर ठेवली आणि म्हणाले, “ताई, मंगळवारपासून फोन करायलोत. आमचा अर्जच न्हाई म्हणायलेत.”

मला आधी वाटलं अर्ज नाकारला गेला असेल. पोर्टलवर पाहिलं तर अर्ज मंजूर, क्षेत्र बरोबर, सगळं जागच्या जागी. मग विचारलं, फोन कोणत्या नंबरवर केला?

नातीनं दप्तरातून वही काढली. शेवटच्या पानावर तिनं निळ्या शाईत एक टोल फ्री नंबर लिहिला होता, दोनदा अधोरेखित केलेला. त्याखाली सहा वेबसाइटची नावं एकाखाली एक, आणि प्रत्येकीपुढं बरोबरची खूण. मी त्या खुणांकडं बघत राहिले तेव्हा ती म्हणाली, “मॅडम, मी एकावर विश्वास नाही ठेवला. सहा ठिकाणी बघितलं. सगळीकडं हाच नंबर होता.”

तो नंबर दुसऱ्याच कंपनीचा होता. आपल्या जिल्ह्याशी त्या कंपनीचा त्या हंगामात काही संबंध नव्हता. तिकडं फोन उचलणारा माणूस अर्ज क्रमांक टाकून पाहायचा, त्याला काही दिसायचं नाही, आणि तो सांगायचा, “पोर्टल अपडेट व्हायचं असेल, उद्या करा.” “तुमचा जिल्हा आमच्याकडं नाही,” हे एक वाक्य त्यानं मंगळवारी म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. शेतात पाणी शिरलं रविवारी रात्री, आणि आता गुरुवारची दुपार झाली होती. मुदत होऊन गेली होती.

ॲप खरी तारीख घेईना. रांगेतल्या एकानं सुचवलं, कालची टाका, कोण बघतंय. मामा त्याच्याकडं वळून म्हणाले, “अन् उद्या पाहणीला येऊन इचारलं म्हंजे म्या काय सांगू?” मी साधा कागद घेतला. गट नंबर, अर्ज क्रमांक, पाणी कधी शिरलं, कधीपर्यंत उभं होतं, पूल कधी मोकळा झाला, सगळं लिहिलं. कोणत्या नंबरवर कधी फोन केले तेही लिहिलं, आणि नातीच्या वहीच्या पानाची झेरॉक्स जोडली. केंद्र भावाच्या हवाली करून त्यांच्यासोबत तालुका कृषी कार्यालयात गेले. तिथं पोच मिळाली. कंपनीच्या तालुका कार्यालयात म्हणजे भाड्याच्या एका गाळ्यात कंत्राटावरचा एक तरुण पोरगा आणि त्याच्यापुढं शंभरेक माणसं. त्यानं अर्ज घेतला, शिक्का मारला आणि खरं तेच बोलला, “ताई, डॉकेट नसेल तर माझ्या हातात काही नाही.” त्या पोराला मी दोष देणार नाही. अख्ख्या तालुक्यातल्या अतिवृष्टीच्या तोंडावर एकटा पोरगा बसवणाऱ्यांना देईन.

रात्री जेवणं उरकून मी वहीत लिहिलेल्या त्या सहाही साइटवरचे लेख वाचले. नातीनं जे मोबाइलच्या छोट्या पडद्यावर वाचलं, ते मोठ्या मॉनिटरवर वाचताना मला धडकी भरली. लेखाची सुरुवात ‘शेतकरी बांधवांनो’ म्हणून, मग भारत कसा शेतीप्रधान देश आहे, मग योजना 2016 पासून सुरू आहे, मग विम्याचं महत्त्व, मध्ये मध्ये जाहिराती. एका लेखात सोयाबीनबद्दल लिहिलेलं आणि फोटो भाताच्या खाचराचा. दुसऱ्यात ‘होमपेजवर जाऊन नवीन नोंदणीवर क्लिक करा’ अशा पायऱ्या, ज्या तक्रारीच्या नाहीतच, नव्या अर्जाच्या आहेत. तिसऱ्याच्या शीर्षकात ‘पीक विमा हेक्टरी 13,600 रुपये’. ती रक्कम विम्याची नाहीच. ती जिरायती पिकासाठी अतिवृष्टीच्या तेव्हाच्या शासकीय मदतीची, आणि ती मदत मिळते तलाठ्याच्या पंचनाम्यावर, विम्याशी तिचा संबंध नाही. लेख कधी लिहिला याची तारीख बहुतेक ठिकाणी नव्हती. तुमच्या जिल्ह्याला कोणती कंपनी, हे एकाही ठिकाणी नव्हतं. आणि खाली तो नंबर, सहाही ठिकाणी, मधल्या रेघांसकट तसाच.

पारावर सहा जणांना विचारलं आणि सहाही जणांनी एकच सांगितलं तर आपण ते खरं धरतो, कारण ती सहा वेगळी माणसं असतात. इथं सहा साइट होत्या, पण बोलणारं तोंड एकच होतं. एका जागी बघून खरं मानू नये असं शाळेत शिकवतात, आणि ती पोरगी नेमकी तसंच वागली. बेफिकीर असती तर कदाचित पहिल्या लेखावरच कंटाळून पावतीवरचं कंपनीचं नाव पाहिलं असतं. तिच्या चिकाटीनंच तिला चुकीच्या नंबरवर पक्कं बसवलं. ही गोष्ट माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

सहापैकी एका साइटचं नाव मला ओळखीचं होतं. माझ्या केंद्रावर टायपिंग शिकलेला मुलगा ती चालवतो, आता छत्रपती संभाजीनगरला राहतो. त्याला फोन लावला. त्यानं लपवाछपवी केली नाही. तो नंबर त्यानं दुसऱ्या साइटवरून घेतला होता, त्या साइटनं आणखी कुठून तरी. आम्ही दोघांनी मिळून मागं मागं जात शोधलं, तर सापडला 2022 च्या खरिपातला एक मजकूर. तेव्हा नंबर बरोबर होता. 2023 पासून तीन वर्षांसाठी नव्यानं वाटणी झाली, आणि मजकूर मात्र दर हंगामात तोच फिरत राहिला. शीर्षकातलं 2022 खोडून 2023, मग 2024. आधी माणसं शब्द इकडचे तिकडे करायची, आता ते काम चॅटजीपीटीला देतात. भाषा आधीपेक्षा सफाईदार होते, नंबर तोच राहतो.

“ताई, एक लेख नीट लिहायला दिवस जातो,” तो म्हणाला. “फोन करा, खात्री करा. अन् तो कुणी वाचत न्हाई. पन्नास टाकले तर एखादा गुगलच्या डिस्कव्हरला लागतो, लोकांच्या मोबाइलवर आपोआप दिसतो, त्यावर महिन्याचं भाडं निघतं.” मार्च 2024 मध्ये गुगलनं नियम कडक केले होते, केवळ शोधाच्या क्रमवारीत वर येण्यासाठी ढिगानं पानं काढणं म्हणजे स्पॅम, मग ती माणसानं लिहिलेली असोत की मशीननं. इंग्रजीतल्या अशा लेखांच्या कारखान्यांना गुगलनं 2011 मध्ये शोधाच्या क्रमवारीत केलेल्या ‘पांडा’ नावाच्या बदलानंही झटका दिला होता, हेही त्यालाच माहीत. मी म्हटलं, मग तुला भीती नाही वाटत? म्हणाला, “मराठीकडं कोण बघायलंय, ताई?”

मग त्यानं जे सांगितलं ते मला पटलं. आम्ही बंद झालो तर लोकांनी वाचायचं काय, असं तो म्हणाला. शासन निर्णय संकेतस्थळावर पीडीएफमध्ये पडलेले असतात, ‘प्रस्तावना’ आणि ‘संदर्भाधीन’ यातून वाट काढत खाली येईपर्यंत शिकलेला माणूसही दमतो. गावात नोटीस लागते ती चावडीच्या दारावर, आणि पावसात ती आधी भिजते. ही रिकामी जागा सरकारनंच ठेवली आहे आणि पोरांनी ती भरली आहे. पण भरली कशानं, हे विचारायचा हक्क मला आहे. मी त्याला तसं म्हटलंही. तो बराच वेळ गप्प होता. त्याच रात्री त्यानं आपल्या पानावरचा नंबर बदलला. मग मी सांगितलेली माहिती घेऊन फक्त हिंगोलीपुरता एक लेख लिहिला: कंपनीचं नाव, 14447, तालुका कार्यालयाचा पत्ता, फोटो शेतातूनच का काढायचा, शीर्षकात आणि आत दोन्हीकडं तारीख. चांगला लेख होता. आठवड्यानं त्यानं मला आकड्यांचा स्क्रीनशॉट पाठवला. तो लेख जवळपास कुणी उघडलाच नव्हता. त्याच्याच साइटवर ‘खात्यात जमा, यादीत नाव बघा’ जोरात चालू होतं.

मामांचा दावा ‘सूचना विलंबानं’ म्हणून नाकारला गेला. तहसीलदार अध्यक्ष असतात त्या तालुका तक्रार निवारण समितीकडं आम्ही अर्ज दिला, तिथंही तेच उत्तर आलं. पंचनाम्यावरची शासकीय मदत त्यांना मिळाली, विमा बुडाला तो बुडालाच. नात बारावी झाली. अर्ज काही काढायचा असला की येते आणि कोणत्याही नंबरबद्दल मला दोनदा विचारते.

2025 च्या खरिपापासून एक रुपयाची योजना बंद झाली. भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून काढलेल्या सरासरी उत्पादनावर ठरू लागली, त्यामुळं वैयक्तिक नुकसानीची 72 तासांतली सूचना हा प्रकारच उरला नाही. त्या सप्टेंबरात अख्खा मराठवाडा पुन्हा पाण्यात गेला, तेव्हा माझ्या दारात लोक मोबाइल पुढं करून उभे होते: ‘72 तासांत तक्रार करा, नाहीतर विमा विसरा’. शीर्षकात 2025, मजकूर जुनाच. जी वेळ त्यांनी तलाठ्याला शेत दाखवण्यात घालवायला हवी होती, ती न मिळणाऱ्या डॉकेटच्या मागं चालली होती. त्यांना समजावून परत पाठवण्यात माझा दिवस जायचा, आणि काही जण समजून न घेताच शेजारच्या केंद्रावर जायचे, जिथं पैसे घेऊन काहीतरी भरून देत होते.

कृषी खात्याकडं माझी मागणी आहे आणि ती मी लेखी दिलेली आहे. हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक तालुक्याचं एक पान असावं. त्यावर कंपनी, नंबर, कार्यालयाचा पत्ता, मुदत, यंदा काय बदललं आणि पान कोणत्या तारखेचं, एवढंच. स्कॅन केलेलं चित्र नको, शोधलं तर सापडेल असा मजकूर हवा. आमच्या तालुक्याचं पान मी फुकट टाइप करून देते, त्यांनी फक्त तपासून सही करावी.