तुम्ही विचारलेत म्हणून: आधी कळले, ते बरे झाले का?

माझ्या मुलीच्या छातीवर मधोमध एक उभा व्रण आहे. तो जन्मजात हृदयदोषावरच्या शस्त्रक्रियेचा आहे, हे समजल्यावर बहुतेक जण पुढे विचारतात, "पोटात असतानाच कळले होते ना? मग ते बरे झाले की वाईट?" विचारणाऱ्यांत शेजारणी असतात, शाळेतल्या इतर मुलांच्या आया असतात, आणि अधूनमधून एखादी अनोळखी बाई फोन करते, जिच्या हातात नुकताच तसा अहवाल पडलेला असतो. इतरांना मी थोडक्यात उत्तर देते; हे सविस्तर उत्तर तिच्यासाठी आहे.

मुलीच्या दृष्टीने ते बरे झाले, यात मला तिळमात्र शंका नाही. तिच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली होती: शरीराकडे जाणारी महाधमनी उजव्या बाजूने निघत होती आणि फुप्फुसांकडे जाणारी डाव्या बाजूने. पोटात असेपर्यंत अशा बाळाला सहसा काही होत नाही, कारण त्याला प्राणवायू आईच्या वारेतून मिळतो आणि हृदयातले जन्मापूर्वीचे आडमार्ग उघडे असतात. ते आडमार्ग जन्मानंतर मिटू लागले, की शुद्ध रक्त फुप्फुसांतच फिरत राहते, अशुद्ध रक्त शरीरात फिरते आणि बाळ निळे पडते. मग ते आडमार्ग उघडे ठेवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या औषधाचे ठिबक लावून, गरज पडल्यास फुग्याच्या साहाय्याने हृदयाच्या पडद्यातले छिद्र मोठे करून वेळ मिळवावा लागतो, आणि साधारणपणे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्या वाहिन्या योग्य जागी जोडण्याची शस्त्रक्रिया करावी लागते, जिला रुग्णालयात सगळे नुसते 'स्विच' म्हणतात. रिवाजाप्रमाणे माझे बाळंतपण माहेरी, कऱ्हाडला झाले असते, तर निळे पडलेले बाळ घेऊन रुग्णवाहिका खंबाटकी घाटातून पुण्याकडे धावली असती. आधी कळले होते, म्हणून बाळंतपणच पुण्यात, लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी ठरले आणि ठिबकाची तयारी बाळाच्या आधी झाली.

माझ्या दृष्टीने मात्र उत्तर इतके सरळ नाही. व्यंग शोधणारी सोनोग्राफी, म्हणजे अ‍ॅनोमली स्कॅन, १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास होते. माझे बाळंतपण २०१८ सालचे. १९७१च्या कायद्यानुसार तेव्हा गर्भपाताला २० आठवड्यांची मर्यादा होती आणि ती उलटल्यावर गर्भातील व्यंगासाठी न्यायालयात जाण्यावाचून मार्ग उरत नसे. २००८ साली निकेता मेहता यांनी गर्भाच्या हृदयातील दोषामुळेच मुंबई उच्च न्यायालयाकडे अशी परवानगी मागितली होती आणि ती नाकारली गेली होती, हे वर्तमानपत्रांतून माझ्या लक्षात राहिले होते. अहवाल हाती आला तेव्हा विचाराला जेमतेम काही दिवस उरले होते आणि त्यांतच गर्भाच्या हृदयाची सविस्तर तपासणी, म्हणजे फीटल इको, आणि बालहृदयरोगतज्ज्ञांची भेट बसवायची होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा गंभीर व्यंगाबाबत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने आणि त्यापुढे वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने निर्णय घेता येतो. वाढलेले चार आठवडे कोणाला किरकोळ वाटतील. माझ्या मते त्या दुरुस्तीतली सर्वांत माणुसकीची गोष्ट तीच आहे, कारण घाईत घेतलेला 'हो' आणि घाईत घेतलेला 'नाही' हे दोन्ही पुढे सारखेच छळतात.

आम्ही गर्भ ठेवला. लोक त्याला धीर म्हणतात, काही जण श्रद्धा म्हणतात, आणि दोन्ही शब्दांनी मला संकोच होतो. डॉक्टरांनी कागदावर हृदयाचे चित्र काढून दाखवले, हा दोष दुरुस्त होण्यासारखा आहे आणि बहुतेक मुले शस्त्रक्रियेनंतर शाळेत जातात, खेळतात, असे स्पष्ट सांगितले, आणि जोखीमही झाकली नाही. आमचा निर्णय त्या चित्रावर उभा होता. त्याच प्रतीक्षाकक्षात भेटलेल्या एका जोडप्याच्या बाळाच्या हृदयाची डावी बाजू जवळजवळ वाढलीच नव्हती, आणि त्यांनी वेगळा निर्णय घेतला. त्यांच्या जागी मी काय केले असते, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

उरलेले महिने कठीण गेले, ते आजारापेक्षा माणसांमुळे. ग्रहण पाळले होते का, असे मला किती जणींनी विचारले याची गणती नाही. खरे तर हृदयाची जडणघडण पहिल्या सात-आठ आठवड्यांत होऊन जाते, पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचे पुरते समजण्याच्या सुमारासच, आणि बहुतेक वेळा तिच्यातल्या दोषाचे नेमके कारण सापडत नाही. 'मन प्रसन्न ठेव' हा सल्लाही तेव्हा आरोपासारखा ऐकू येई. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करावे की नाही यावर घरात कुजबुज सुरू झाली, तेव्हा सासूबाईंनी "बाळ येणारच आहे, मग ओटी का नाही भरायची?" असे विचारून विषय संपवला. एक गोष्ट मात्र मला तेव्हाही गमतीची वाटे: बाळाच्या हृदयाचा प्रत्येक कप्पा, प्रत्येक झडप आम्हाला तोंडपाठ होती, पण मुलगा की मुलगी हे ठाऊक नव्हते, कारण १९९४च्या कायद्याप्रमाणे ते सांगता येत नाही आणि दर सोनोग्राफीआधी आपल्याला ते जाणून घ्यायचे नाही अशी सही मीच करत होते.

तेव्हा फोन करणाऱ्या बाईंना मी म्हणते, की आधी कळल्याने तुमची झोप जाईल, ती जाऊ द्या, पण हाती आलेले महिने कामाला लावा. नवऱ्याला बरोबर घेऊन बालहृदयरोगतज्ज्ञांना भेटा, कारण घरी येऊन एकटीने सगळे समजावून सांगणे फार जड जाते. बाळंतपण कुठे करायचे, शस्त्रक्रियेचे ठिकाण तिथून किती दूर आहे, जन्मल्याबरोबर बाळ कोणाच्या ताब्यात जाईल, खर्च किती आणि शासकीय योजनेत किती बसेल, हे लिहून नेऊन विचारा. आणि अहवालात दुसरे काही असेल, गुणसूत्रांचा दोष किंवा न सुधारणारे व्यंग, तर माझे 'बरे झाले' तुम्हाला लागू पडत नाही, असे सांगून मी त्यांना जनुकीय समुपदेशकांकडे जायला सांगते आणि माझ्या मुलीची गोष्ट तिथेच थांबवते.