गट जुळला, तरी अंगावर गांधी उठल्या

हिमोग्लोबिन खाली जातं म्हणून मला अधूनमधून रक्त चढवावं लागतं. आधी कधीच काही त्रास झाला नव्हता. त्या वेळी मात्र पिशवी निम्मी संपली असेल-नसेल, मानेला खाज सुटली आणि बघता बघता पोटावर, दंडांवर गांधी उठल्या. लगेच सिस्टरना हाक मारली. त्यांनी आधी रक्त बंद केलं, शिरेतली सुई न काढता सलाईन सुरू केलं. मग ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन पाहिलं. श्वास लागतोय का, घसा आवळतोय का, ओठ सुजलेत का, हे पुन्हा पुन्हा विचारलं. पिशवीवरचं नाव आणि गट माझ्या हातावरच्या पट्टीशी परत ताडून पाहिला.

गट बरोबरच होता, मग हे का झालं? डॉक्टरांनी समजावलं की गट जुळवतात तो लाल पेशींचा. पिशवीत दात्याच्या प्लाझ्माचा, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवाचा, थोडा अंश उरतोच, आणि बहुधा त्यातलंच एखादं प्रथिन माझ्या शरीराला चाललं नव्हतं. प्लाझ्मा आणि प्लेटलेट देताना ही ॲलर्जी जास्त दिसते ती त्यामुळेच. म्हणजे दात्याच्या रक्तात खोट नव्हती. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

इंजेक्शन दिल्यावर गांधी बसल्या. नुसत्या गांधी असतील आणि त्या गेल्या, तर तीच पिशवी सावकाश पुन्हा लावता येते, तशी माझी लावली. श्वास अडकला असता किंवा रक्तदाब घसरला असता, तर ती पिशवी कायमची बंद झाली असती आणि आधी ॲड्रिनालिन द्यावं लागलं असतं.

पुढच्या वेळीही तेच झालं, तेव्हा आयजीए नावाचं प्रतिपिंड (अँटीबॉडी) तपासलं. ते रक्तात जवळजवळ नसलेल्या काहींना तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. माझं ठीक निघालं. आधीच ॲलर्जीची गोळी घेतली तर, असंही मी विचारलं. त्याने प्रतिक्रिया टळतेच असं अभ्यासांत दिसलेलं नाही, असं डॉक्टर म्हणाले. आता मला सलाईनने धुतलेल्या लाल पेशी देतात. त्यात प्लाझ्मा जवळपास उरत नाही, आणि त्यानंतर गांधी उठलेल्या नाहीत.

पण पेशी धुवायला वेळ लागतो, आणि धुतलेली पिशवी सहसा २४ तासांत वापरावी लागते, म्हणून ती तयार करून ठेवलेली नसते. त्यामुळे तारीख ठरली की मी रक्तपेढीला आधी कळवतो, आणि प्रतिक्रियेची नोंद असलेला कागद फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवतो.