रक्तगट, एकनाड आणि पंचेचाळीस गुणसूत्रे

लागोपाठ गर्भपात होऊ लागले की घरात आधी पत्रिका बाहेर येतात आणि मग दोघांचे रक्तगट विचारले जातात. आमच्या पत्रिकेत एकनाड निघाली नाही, पण दोघेही ओ पॉझिटिव्ह असल्याने दोष तिथेच असणार, असे सासरच्या वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकले. वास्तविक पती-पत्नींचा रक्तगट एकच असण्याने गर्भपात होत नाही. आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर अडचण येऊ शकते, तीही बहुधा पुढच्या बाळंतपणात, आणि अँटी-डीच्या इंजेक्शनने ती टाळता येते.

याच समजुतीचे महागडे रूप आम्हाला एका खासगी केंद्रात भेटले. आम्हा दोघांचे एचएलए घटक, म्हणजे शरीराला आपले-परके ओळखू देणाऱ्या पेशींवरच्या खुणा, फार जुळतात, त्यामुळे माझ्या शरीराला गर्भाची ओळखच पटत नाही, असे तिथे सांगण्यात आले. त्यावर उपाय म्हणून पतींच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून मला टोचायच्या होत्या. १९८५ मध्ये ब्रिटनमधील एका छोट्या अभ्यासाने या उपचाराविषयी आशा निर्माण केली होती खरी. पण १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याचा काहीच लाभ दिसला नाही आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने संशोधनाबाहेर तो वापरण्यास मनाई केली. आम्ही नकार दिला. घरात ‘जुळत नाही’ आणि केंद्रात ‘फार जुळते’ ही दोन्ही निदाने एकाच जोडप्याला ऐकवली जातात, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

नंतर ज्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी जुळण्याचा विषय बाजूला ठेवून प्रत्येकाची तपासणी स्वतंत्रपणे करायला सांगितली. माझ्या रक्तात लुपस अँटिकोअॅग्युलंट, तसेच कार्डिओलिपिन आणि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन यांविरुद्धची प्रतिपिंडे पाहिली गेली; रक्तात गुठळ्या होऊन गर्भपात घडवू शकणाऱ्या अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम या विकाराची ती खूण असते. त्यांतले एक किंचित वाढलेले होते. पण साध्या तापानंतरही ते तात्पुरते वाढू शकते, म्हणून किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासल्याशिवाय निदान करायचे नाही, असा नियम आहे. ही वाट पाहणे मला सर्वांत जड गेले, कारण ते निदान पक्के झाले असते तर अॅस्पिरिन आणि हेपॅरिन या गुठळ्या रोखणाऱ्या औषधांचा ठोस उपचार हाती होता. दुसरा अहवाल स्वच्छ आला. आधीच्या क्युरेटिंगच्या वेळचा ऊतीचा नमुना फॉर्मलिनमध्ये ठेवल्यामुळे गुणसूत्रांसाठी त्यातल्या पेशी वाढवता येणार नव्हत्या. तो निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवायला हवा होता.

उत्तर सापडले ते पतींच्या कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीत. हेपॅरिनच्या नळीत घेतलेल्या रक्तातील पेशी प्रयोगशाळेत सुमारे तीन दिवस वाढवतात आणि मग गुणसूत्रे रंगवून मोजतात. त्यांची ४६ ऐवजी ४५ भरली, कारण क्रमांक १३ आणि १४ ची दोन गुणसूत्रे एकमेकांना चिकटलेली होती. आवश्यक जनुके शाबूत असल्याने त्यांना स्वतःला काहीच त्रास नव्हता. परंतु शुक्राणू तयार होताना वाटणी चुकली की गर्भाला १३ किंवा १४ क्रमांकाचे एखादे गुणसूत्र जास्त अथवा कमी मिळते आणि असे गर्भ बहुतेकदा टिकत नाहीत. पत्नी कोणीही असती तरी हेच घडले असते, असे समुपदेशक बाईंनी सासूबाईंसमोर मुद्दाम सांगितले. ही जोडणी बहुधा आईकडून किंवा वडिलांकडून येते, म्हणून दिरांनी आणि नणंदेनेही तपासणी करून घ्यावी, हेही त्यांनी सुचवले. त्यावर सासूबाईंनी पत्रिकेचा विषय पुन्हा काढला नाही.

भ्रूण तपासून आयव्हीएफ करण्याचा पर्याय होता. पण अशा बहुतेक जोडप्यांना नैसर्गिक गर्भधारणेतूनही निरोगी मूल होते, हे समजल्यावर आम्ही नैसर्गिक मार्गच निवडला. पुढच्या खेपेस वारेचा नमुना तपासला. दोन किंवा अधिक गर्भपात हे अशा तपासणीसाठी कायद्याने मान्य केलेले कारण आहे, तरी गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही, अशी लेखी हमी द्यावी लागते. अहवालात गुणसूत्रे ४५ आली, म्हणजे वडिलांसारखीच संतुलित, आवश्यक जनुके शाबूत असलेली जोडणी. गरोदरपण नेहमीप्रमाणे पुढे न्यावे आणि मूल मोठे झाल्यावर त्याला ही माहिती द्यावी, असे अहवालाखाली लिहिलेले होते.