देवाच्या मनातलं

कार्तिक, गुरुवार रात्र

आज दहावीच्या तासाला अडकलो. रात्रीचे दहा वाजले तरी ते मनातून जात नाही.

'आनुवंशिकता व उत्क्रांती' चालू आहे. या धड्यात मी दरवर्षी जिराफ काढतो. मेंदूकडून स्वरयंत्राला जाणारा डावा मज्जातंतू थेट गळ्यात जात नाही. तो छातीत उतरतो, महाधमनीला वळसा घालतो आणि पुन्हा वर येतो. जिराफात हा फेरा काही मीटरांचा. मग माझं ठरलेलं वाक्य: "देवाने एवढा उलटा फेरा कशाला घातला असता? म्हणजे हे उत्क्रांतीनेच झालं."

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे आजोबा सध्या रोज पहाटे काकड आरतीला पेटी वाजवतात. "पन सर, देव असं करनार नाही, हे तुमाले कोनं सांगतलं?"

कोणी हसलं नाही. मलाही उत्तर सुचलं नाही.

खरंच, कोणी सांगितलं? ते वाक्य देवाविषयीचं होतं, आणि तो देवही उसना होता. घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणारच, तसंच जीव आहेत म्हणजे ते घडवणारा असणारच, असं पेली या इंग्रज धर्मगुरूने १८०२ साली लिहिलं. डार्विनने केंब्रिजला पेली वाचला होता. सुरवंटाला जिवंतपणी आतून खाणाऱ्या परजीवी गांधीलमाश्या दयाळू, सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम घडवल्या हे मनाला पटत नाही, असं १८६० मध्ये त्याने एसा ग्रे या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाला कळवलं. त्याचं भांडण त्या घड्याळजीशी होतं आणि समोर तसं मानणारी माणसं होती. आमच्या गावात विठोबाला कारागीर म्हणून कोण पाहतं? सगळी त्याची लीला म्हणणाऱ्या घरातल्या पोरीपुढे, तिने न केलेला दावा मी खोडत बसलो होतो.

वाईट याचं वाटतं की पुरावा हाताशी होता. माशात हाच मज्जातंतू कल्ल्याकडे सरळ जातो. पुढे मान लांबली, हृदय खाली सरकलं, आणि धमनीमागे अडकलेला तंतू तिच्याबरोबर ओढला गेला. जिराफातच नाही, शेळीतही तोच वळसा आहे. देवाला काय आवडेल हे इथे विचारावंच लागत नाही.

संध्याकाळी वावरात गेलो. पऱ्हाटीत डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, दिसल्या. एक हिरवं बोंड फोडलं तर आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, कापूस पिवळा पडलेला. २००२ साली बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष झाडातच तयार करणारं कापसाचं वाण, आलं तेव्हा ही अळी त्या विषाने मरायची. ज्या मोजक्या तगल्या त्यांचीच पिलावळ वाढली, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भभर बोंडं सडली. बीटीच्या पाकिटासोबत नॉन-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी येत असे, कडेने लावायला. तिथे वाढलेल्या साध्या अळ्यांच्या पतंगांशी संकर होऊन तगलेल्यांचा जोर कमी व्हावा म्हणून. आम्ही ती कधी लावली नाही. आमच्या घरात ती वर्षानुवर्षं कोनाड्यात पडून राहायची. हे सांगायला मला आजवर लाज वाटत होती. उद्या वर्गात सांगणार आहे.

चार बोंडं कागदात गुंडाळून दप्तरात ठेवली आहेत. एकाला बारीक भोक आहे. त्या पोरीलाच फोडायला देईन, आणि तिचा प्रश्न आधी फळ्यावर लिहीन, तिच्याच शब्दांत.