पॅच टेस्टचा आठवडा आणि कपाटातल्या तेलाच्या बाटल्या

पुरळ आधी मानेवर आलं, मग दोन्ही मनगटांच्या आतल्या बाजूला. लालसर, बारीक पुटकुळ्या आणि रात्री झोपू न देणारी खाज. लॅव्हेंडरचं तेल मी बरीच वर्षं वापरत होते, तेही बदाम तेलात मिसळून, नुसतं कधीच नाही. त्यामुळे संशय साबणावर गेला, कपडे धुण्याच्या पावडरीवर गेला, गळ्यातल्या साखळीवर गेला. लॅव्हेंडरवर गेलाच नाही. इतकी वर्षं मानवलेली गोष्ट आज अचानक का बाधेल, असं कुणालाही वाटेल. इसेन्शियल ऑइलच्या, म्हणजे झाडांपासून काढलेल्या तीव्र सुगंधी तेलांच्या, बाबतीत हेच वाटणं निदानाच्या आड येतं, म्हणून जे जे घडलं आणि कळलं ते सविस्तर लिहितेय.

त्वचेच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत एक फरक समजावून सांगितला. तेलाने त्वचेला होणारी इजा आणि तेलाची ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दालचिनीच्या सालीचं, लवंगेचं किंवा ओरेगॅनोचं तेल नुसतं लावलं तर काही मिनिटांत किंवा तासांत आग होते. ती कुणाच्याही त्वचेची होऊ शकते, जिथे तेल लागलं तिथेच होते आणि प्रमाण कमी केलं की टळते. ॲलर्जीचं तसं नाही. तिथे शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा एखाद्या रेणूला शत्रू म्हणून ओळखायला शिकते. हे शिकणं कधी दोनेक आठवड्यांत होतं, तर कधी वर्षानुवर्षांच्या वापरानंतर. एकदा शिकली की ती ओळख सहसा जन्मभर राहते आणि मग अगदी थोडं तेलही पुरतं.

आणखी एक अडचण म्हणजे ही प्रतिक्रिया लगेच दिसत नाही. संपर्कानंतर साधारण एक ते तीन दिवसांनी पुरळ उठतं. सोमवारी लावलेल्या तेलाची खाज बुधवारी सुरू होते आणि आपण बुधवारी लावलेल्या क्रीमला दोष देतो. मी नेमकं तेच करत होते. म्हणून स्वतः अंदाज बांधत एकेक वस्तू बंद करून बघण्यात फार वेळ जातो आणि हाती काही लागेलच असं नाही.

या प्रकारच्या ॲलर्जीसाठी रक्ताची तपासणी उपयोगाची नाही. सुईने टोचून वीस मिनिटांत बघतात ती प्रिक टेस्टही नाही. ती परागकण, धूळ किंवा अन्नाच्या तातडीच्या ॲलर्जीसाठी असते. इथे पाठीवरची पॅच टेस्टच लागते. जर्मन त्वचातज्ज्ञ योसेफ याडासोन यांनी 1895 मध्ये ही पद्धत मांडली आणि तिचा गाभा आजही तोच आहे: संशयित पदार्थ त्वचेवर ठेवायचा आणि थांबायचं.

टेस्टआधी पुरळ पूर्ण शांत व्हावं लागलं. पाठीवर स्टेरॉइड मलम लावायचं नाही, पोटात स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायचं, पाठ उन्हात भाजू द्यायची नाही, अशा सूचना होत्या. त्यामागचं कारण ऐकल्यावर पटलं. या सगळ्यामुळे त्वचेची प्रतिक्रिया दबते आणि खरी ॲलर्जी असूनही निकाल ‘काही नाही’ असा येऊ शकतो. सोबत घरातल्या सगळ्या वस्तू आणायला सांगितलं होतं. तेलं, क्रीम, शाम्पू, अगदी भांडी घासायचं लिक्विडसुद्धा, आणि तेही मूळ बाटल्यांमधून, लेबलासकट.

टेस्ट दुखत नाही, पण तो आठवडा सोपा नसतो. चिकटपट्ट्यांवर छोट्या छोट्या वाट्या असतात, त्यात पेट्रोलियम जेलीत मिसळलेला एकेक पदार्थ असतो. अशा पट्ट्या पाठभर लावल्या जातात आणि शेजारी पेनने खुणा करतात. 48 तास त्या जागच्या हलता कामा नयेत. आंघोळ कमरेखालीच, वर ओल्या कपड्याने पुसून घ्यायचं, तेही पाठ सोडून. व्यायाम नाही, घाम येईल असं काहीच नाही. पट्ट्या काढल्यावर पहिलं निरीक्षण होतं, पण खरा निकाल त्यानंतर दोनेक दिवसांनी कळतो, आणि काही पदार्थांसाठी सातव्या दिवशीही पाठ बघतात. तोपर्यंत पेनच्या खुणा पुसल्या जाऊ नयेत म्हणून जपावं लागतं. पट्ट्या निघाल्यावर पाठीच्या एका ठिकाणी भयंकर खाज सुटली होती. हात तिथवर पोचत होता, तरी खाजवलं नाही. खाजवून लाल झालेली जागा आणि ॲलर्जीने लाल झालेली जागा यांची गल्लत व्हायला नको होती.

निकाल वाचताना डॉक्टरांनी प्रत्येक खुणेवरून बोट फिरवलं. नुसता लालपणा म्हणजे ॲलर्जी नव्हे, त्वचा तिथे जाड आणि उंच झालेली हाताला लागली पाहिजे. मग एक, दोन किंवा तीन अधिक चिन्हं देतात.

माझे सुगंधी द्रव्यांचे नेहमीचे दोन्ही मिश्र नमुने कोरे निघाले. पहिल्या फ्रॅग्रन्स मिक्समध्ये आठ घटक असतात: युजेनॉल, जिरॅनिऑल, सिनामाल वगैरे. दुसऱ्यात सिट्रल, सिट्रोनेलॉल, कूमरिन धरून सहा. बाल्सम ऑफ पेरू, म्हणजे एका झाडाचा सुगंधी चीक, तोही कोरा. एवढ्यावरच थांबलो असतो तर मला सुगंधाची ॲलर्जी नाही असं ठरलं असतं. पण यादीत एक वेगळा नमुना होता, लिनालूलच्या हायड्रोपेरॉक्साइडचा. तिथे दोन अधिक. आणि माझ्या स्वतःच्या बाटलीतलं, पातळ करून ठेवलेलं लॅव्हेंडरही तसंच उठलं होतं.

लिनालूल हा लॅव्हेंडरमधला एक मुख्य घटक. ताजं असताना त्याची ॲलर्जी होण्याची शक्यता कमी असते. पण झाकण उघडलं की आत हवा जाते, ऑक्सिजनशी हळूहळू संयोग होतो आणि हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात. ॲलर्जी घडवण्याची खरी ताकद त्यांच्यात असते. संत्रं-लिंबू वर्गातल्या तेलांत लिमोनिनचं हेच होतं. टी ट्री ऑइलही हवा-उजेडात जुनं झालं की ॲलर्जी होण्याचा धोका वाढतो. म्हणजे जुनं तेल फक्त वासाला उतरतं, बाकी निरुपद्रवी असतं, हा समज चुकीचा आहे. तेलाची बाटली हा एकदा भरून ठेवलेला स्थिर पदार्थ नाही, ती आतून बदलत असते. हे बाटलीवर ठळक छापलं जायला हवं असं मला मनापासून वाटतं. ‘शुद्ध’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द मात्र मोठ्या अक्षरांत असतात. ‘थेराप्युटिक ग्रेड’ अशी प्रतवारी देणारी कुठलीही स्वतंत्र संस्था नाही, तो विक्रेत्यांचाच शब्द आहे.

कागद घेऊन घरी आल्यावर कपाटातल्या सगळ्या बाटल्या टेबलावर मांडल्या. यापुढे झाडाच्या नावावर भागणार नव्हतं, आतल्या घटकांची नावं बघायची होती. लिनालूल फक्त लॅव्हेंडरमध्ये नसतं. ते बर्गमॉटमध्ये, क्लॅरी सेजमध्ये, नेरोलीत, रोजवुडमध्ये असतं आणि धण्याच्या तेलात तर लॅव्हेंडरपेक्षाही जास्त. ती सगळी तेलं बाजूला गेली. मग शाम्पू आणि क्रीमची लेबलं वाचली. युरोपीय नियमांमुळे ठरावीक सुगंधी घटकांची नावं तिथल्या सौंदर्यप्रसाधनांवर वेगळी छापावी लागतात. त्वचेवर राहणाऱ्या वस्तूत 0.001 टक्क्याच्या वर आणि धुतल्या जाणाऱ्या वस्तूत 0.01 टक्क्याच्या वर प्रमाण असेल तर. पूर्वी असे 26 घटक होते, 2023 मध्ये यादी 80 च्या पुढे गेली. माझ्या रोजच्या हातांच्या क्रीमवर लिनालूल स्पष्ट लिहिलेलं होतं. मनगटांचं कोडं तिथे सुटलं. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ‘अनसेंटेड’ म्हणजे सुगंधविरहित असेलच असं नाही. मूळ वास झाकण्यासाठी त्यातही सुगंधी द्रव्य घातलेलं असू शकतं. ‘फ्रॅग्रन्स फ्री’ लिहिलेलं असलं तरी घटकांची यादी वाचलेली बरी.

लॅव्हेंडर सोडणं मला जड गेलं. तो वास माझ्या झोपेशी जोडलेला होता. लावत नाही, निदान डिफ्यूझरमध्ये, म्हणजे खोलीत सुगंध पसरवणाऱ्या यंत्रात, घालू का, असं डॉक्टरांना विचारलं. उत्तर नकारार्थी होतं. हवेतले कण चेहऱ्यावर आणि पापण्यांवर बसतात, आणि पापणीची त्वचा सगळ्यात पातळ. ॲलर्जी असलेल्यांना नुसत्या डिफ्यूझरनेही तिथे पुरळ उठू शकतं. ताजी बाटली आणली तरी ती माझ्याकडे ताजी किती दिवस राहील याची खात्री नाही. त्यामुळे लॅव्हेंडर पूर्ण बंद.

या काळात ओळखीच्या काहींनी प्रेमाने सांगितलं की पुरळ येतंय म्हणजे शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत, वापरत राहा. हा सल्ला घातक आहे. पुरळ म्हणजे त्वचेला सूज आलेली असते, आणि वापर चालू ठेवला की ती वाढत जाते. लॅव्हेंडर नुसतं लावलं तरी चालतं हा दुसरा समज. त्याच्याबरोबर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रने-मोरिस गातफोसे यांच्या भाजलेल्या हाताची गोष्ट हटकून सांगतात. 1910 मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात ते भाजले होते आणि जखमांवर त्यांनी लॅव्हेंडर वापरलं होतं, हे खरं. पण एका माणसाच्या जखमेवरून तुमच्या-माझ्या त्वचेवर रोज न मिसळलेलं तेल लावायचा परवाना मिळत नाही.

आता मी काय करते ते सांगते. जी तेलं उरली त्यातलं वाळ्याचं तेल आधी निवडलं, कारण त्यात लिनालूल हा मुख्य घटक नाही. डॉक्टरांना विचारून ते एक टक्का प्रमाणात बेस तेलात (बदाम तेलासारख्या साध्या तेलात) मिसळलं आणि कोपराच्या आतल्या बाजूला, लहानशा जागेवर, दिवसातून दोनदा, दोन आठवडे लावलं. रोज त्याच जागी. एकदा लावून दुसऱ्या दिवशी बघणं पुरेसं नसतं, कारण सौम्य ॲलर्जी दिसायला आठवडाही लागतो. ही घरगुती चाचणी मिसळलेल्या तेलाचीच करायची, नुसत्या तेलाची कधीही नाही, नाहीतर चाचणीच नवी ॲलर्जी देऊन जाईल. लाली किंवा खाज आली तर तिथेच थांबायचं. माझं कोपर स्वच्छ राहिलं, तेव्हा किती बरं वाटलं!

प्रमाणाचा हिशेब असा. 30 मिलीलीटर बेस तेलात साधारण सहा थेंब म्हणजे एक टक्का. चेहऱ्यासाठी मी अर्ध्या टक्क्याच्या वर जात नाही, अंगासाठी दोन टक्के पुष्कळ झाले. पण थेंब बाटलीगणिक लहान-मोठे पडतात, म्हणून आता छोट्या वजनकाट्यावर मोजते. आणि सगळ्या तेलांना एकच प्रमाण लागू नाही, हे महत्त्वाचं. दालचिनीच्या सालीच्या तेलाची सुचवलेली कमाल मर्यादा 0.07 टक्के आहे, म्हणजे 30 मिलीलीटरमध्ये एक थेंबसुद्धा जास्तच. लवंग अर्धा टक्का, गवती चहाचं तेल 0.7 टक्के. ही तीन मी त्वचेसाठी ठेवलेलीच नाहीत.

उन्हाचा मुद्दा वेगळा आणि तितकाच गंभीर. बर्गमॉट या लिंबूवर्गी फळाची साल दाबून काढलेल्या तेलात बर्गाप्टेन नावाचा घटक असतो. ते तेल लावून उन्हात गेलं तर अतिनील किरणांमुळे त्वचा भाजते, फोड येतात, काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. यात ॲलर्जीचा संबंध नाही, कुणालाही होऊ शकतं. त्वचेवर राहणाऱ्या वस्तूसाठी या तेलाची मर्यादा 0.4 टक्के धरतात. त्यापेक्षा जास्त लावलं असेल तर निदान बारा तास ती जागा झाकून ठेवायची. लिंबाचं दाबून काढलेलं तेलही याच गटात येतं. वाफेने काढलेल्या तेलात हा धोका जवळजवळ नसतो, म्हणून विकत घेताना पद्धत विचारावी.

आंघोळीच्या पाण्यात थेंब टाकणं तर मी सगळ्यांना बंद करायला सांगते. तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं आणि आहे तसं अंगाला, तेही नाजूक जागी, चिकटतं. चुकून नुसतं तेल त्वचेवर सांडलंच तर आधी साध्या तेलाने पुसून घ्यायचं, मग साबण-पाणी. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं आणि डॉक्टर गाठायचा. चेहरा सुजला किंवा श्वास अडकला तर घरी काहीच करत बसायचं नाही, थेट दवाखाना.

बाटल्या आता लहानच घेते, गडद काचेच्या. उघडल्याची तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवते. अर्ध्याहून रिकामी झाली की उरलेलं तेल आणखी लहान बाटलीत काढते, म्हणजे वर हवा कमी राहते. लिंबूवर्गी तेलं आणि टी ट्री वर्षाच्या पुढे ठेवत नाही.

ज्यांची पॅच टेस्ट ठरली आहे त्यांना एवढंच सांगेन: स्वतःचं तेल आणि क्रीम घेऊन जा आणि लिनालूल व लिमोनिनच्या हायड्रोपेरॉक्साइडचे नमुने त्यांच्या संचात आहेत का ते आधीच विचारा. सगळीकडच्या नेहमीच्या संचात ते असतातच असं नाही. निकालाच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मसाज असो, केस कापणं असो की नवं क्रीम घेणं असो, मी तो आधी समोर धरते आणि बाटलीवरची यादी वाचून मगच हो म्हणते.