नऊ गुंठ्यांचा एक पिक्सेल

साक्री तालुक्यातल्या एका पाणलोटाचा भूजल संभाव्यता नकाशा नुकताच हातावेगळा केला. गडद हिरवं म्हणजे पाण्याची शक्यता चांगली, लाल म्हणजे बेताची. असा नकाशा ग्रामपंचायतीत लागला की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, माझा गट हिरव्यात आहे. मग बोअर कुठं घेऊ?"

मी गुंठ्यांत उत्तर देते. उंचीची माहिती एसआरटीएमची, २००० साली अवकाशयानातल्या रडारने मोजलेली. तिचा एक पिक्सेल ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद. म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. एकरभर रानात साडेचार पिक्सेल, आणि बोअर घ्यायचं सहा इंचांचं! शोध कुठल्या शिवारात घ्यायचा एवढंच नकाशा सांगतो. नेमकी जागा जमिनीवर उभं राहून, विद्युत रोधकता, म्हणजे जमीन विजेला किती अडवते ते, मोजूनच ठरवावी लागते.

आपल्याकडे हे जास्तच अवघड, कारण खाली बेसॉल्ट. भूजलाच्या अंदाजासाठी देशात जी मानकं वापरतात, त्यांत वाळूच्या गाळातून १६ टक्के पाणी सुटतं असं धरतात. मांजऱ्या (बारीक पोकळ्यांच्या) किंवा कुजलेल्या बेसॉल्टला फक्त २ टक्के. घनमीटरभर खडकामागे २० लिटर. काळ्या पाषाणात तेवढंही नाही. तिथं पाणी असलंच तर भेगांत. आणि भेगा वरून रेषांसारख्या दिसतात, म्हणून आमचा सगळा जीव उपग्रहचित्रातल्या सरळ रेषांवर.

आणि रेषांच्या बाबतीत धुळे-नंदुरबार श्रीमंत. पूर्व-पश्चिम, किंचित ईशान्येकडे कललेल्या डाईक, म्हणजे भेगांत लाव्हा थिजून झालेल्या खडकाच्या उभ्या पट्ट्या, इथं काळ्या भिंतींसारख्या मैलोन् मैल जातात. सॉफ्टवेअरला रेषा आपोआप काढायला सांगितल्या तर ते डाईक, डांबरी रस्ता आणि बांध यांत भेद करत नाही. हाताने काढायच्या तर उंचीच्या आकड्यांवरून संगणकावर उजेड-सावलीचं चित्र बनवतो, त्यात मानलेला सूर्य सहसा ३१५ अंशांवर, वायव्येला असतो. त्या उजेडात डाईक ठसठशीत दिसतात. पण वायव्य-आग्नेय जाणाऱ्या भेगांची सावलीच पडत नाही, त्या गुडूप. त्यामुळे मी सूर्य चार दिशांना फिरवून मगच पेन्सिल उचलते.

बरं, डाईक सापडली म्हणजे पाणी सापडलं असंही नाही. घट्ट डाईक नाल्याला आडवी असेल तर वरच्या अंगाला पाणी अडतं, खालच्या अंगाच्या विहिरी लवकर तळ दाखवतात. तडकलेली असेल तर तीच पाणी वाहून नेते. वरून दोघी सारख्याच दिसतात.

यानंतर येतं भारांकन. खडक, उतार, ओढ्यांची घनता, रेषा, माती, पाऊस, जमीनवापर यांची दोन-दोनची जोडी लावून कोण किती महत्त्वाचं ते ठरवायचं. शेवटी सुसंगतता गुणोत्तर ०.१ च्या आत आलं की अहवालात ते दिमाखात छापतात. माझं खरं भांडण इथं आहे. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की तुमची मतं एकमेकांना छेद देत नाहीत. ती बरोबर आहेत की नाहीत हे विहिरीच सांगणार. उतारापेक्षा रेषांना तिप्पट वजन का, याचं उत्तर पुष्कळदा 'आधीच्या पेपरात तसं होतं' एवढंच निघतं. तो पेपर ग्रॅनाइटच्या मुलखातला असला तरी!

म्हणून मे महिन्यात टेप घेऊन विहिरी मोजल्याशिवाय मी नकाशाला अंतिम म्हणत नाही. एका आजोबांनी मला विचारलं, "मग पाणाड्यात आणि तुझ्यात फरक काय गं?" म्हटलं, "आजोबा, मी फेल गेलेल्या बोअरपण लिहून ठेवते." ते हसले आणि स्वतःची दोन कोरडी बोअर दाखवायला घेऊन गेले, जी तोवर कुणी सांगितलीच नव्हती. एकात फुफाटा संपून लाल गेरू (दोन लाव्हाथरांमधला लाल मातकट थर) लागला तो कितव्या फुटाला, हेही त्यांना पाठ होतं.

साक्रीच्या आसपास कुणाकडे अशी कोरडी बोअर असतील तर खोली आणि लाल थर कुठं लागला एवढं खाली लिहा. गट नंबर नको, शिवार पुरे.